कडुनिंबाखालची बाई

हे माझ्या तोंडून आजवर बाहेर पडलेलं नाही. लेकीजवळ नाही, शाळेतल्या सोबत्यांजवळ नाही, देवापुढं तर नाहीच — देवापुढं बोलून काय होणार, तो कुठं कुणाला सांगायला जातो? तुम्हाला सांगतोय. का, ते विचारू नका. आणि ऐकताना च्च् च्च् करू नका, एवढं आधीच बजावून ठेवतो. मला ते खपत नाही.

गेल्या महिन्यात कमिटीचे दोघे जण घरी आले होते. आमच्या बेळगावबाहेर माळावर क्षयाचा दवाखाना आहे, तिथं नवा वॉर्ड बांधलाय. त्याच्या दारात माझा जुना तक्ता काचेत बसवून लावायचा आणि मला शाल-नारळ द्यायचा असं ठरलंय म्हणे. मी नाही म्हणालो. दोघांनी एकमेकांकडं बघितलं आणि एक जण म्हणाला, "मास्तर, किती हा विनय!" विनय! मला हसू आवरेना. मी आयुष्यभर पोरांची चित्रं फाडून तोंडावर फेकलेला ड्रॉइंग मास्तर. माझ्यात विनय कुठून येणार?

तक्ता चांगला आहे, हे मी छाती ठोकून सांगतो. दवाखान्याचे डॉक्टर त्याला पोस्टर म्हणायचे, आम्ही शाळेतली माणसं तक्ता. त्यात दोन चित्रं आहेत. डावीकडं अंधारी खोली, बंद झडपा, घोंगडीत गुरफटलेली बाई. उजवीकडं तीच बाई झाडाखाली खाटेवर बसलेली, मान वर करून पानांकडं बघणारी, तोंडावर उन्हाचे कवडसे. खाली मराठीत आणि कानडीत एकच मजकूर — आजाऱ्याला कोंडू नका, मोकळ्या हवेत आणा, झाडाखाली बसवा. बस्स. शिळाप्रेसवर तीन दगडांवर तीन रंग छापले. निपाणीपासून खानापूरपर्यंत चावडीत, शाळेत, बाजाराच्या दिवशी पिंपळाच्या पारावर तो लागला. आणि माणसं आली. कोंडलेली माणसं बैलगाडीत घालून लोकांनी माळावर आणली. त्यांतली काही चालत घरी गेली. हे खोटं आहे असं कुणी म्हणालं तर मी आजही त्याच्याशी भांडेन.

मग अडलं कुठं? सांगतो. घाई करू नका — मला तेवढी सवय नाही या कामाची.

माझी थोरली बहीण माझ्या घरात होती. आम्ही तिला आक्का म्हणायचो, सगळी गल्लीच म्हणायची. सोळाव्या वर्षी कपाळ पांढरं करून परत आली. आमची आई गेल्यावर तिनंच मला वाढवलं. पुढं माझी बायको कमळला जन्म देऊन गेली, तेव्हा कमळलाही तिनंच वाढवलं. म्हणजे दोन पिढ्या त्या बाईनं स्वतःचं एक मूल नसताना मांडीवर घेतल्या. मला हातात पेन्सिलही तिनंच दिली. जोत्यावर तिची रांगोळी बघून मी पहिली रेघ ओढली. हे सांगतोय ते तुमच्या डोळ्यांत पाणी यावं म्हणून नव्हे. पुढचं नीट कळावं म्हणून.

तक्ता काढला त्या वर्षी दसऱ्यानंतर आक्का खोकायला लागली. दिवाळीनंतर पदराला तांबडं दिसलं. तिनं तो पदर पाण्यात बुडवला तेव्हा मी तिथंच उभा होतो. दुसऱ्या दिवशी तिनं आपलं अंथरूण आपणच उचललं आणि बाळंतिणीच्या खोलीत नेलं — आमच्या घरात मागच्या बाजूला ती खोली, वाऱ्याची झुळूक यायला वाव नाही, एक खिडकी, तीही कायमची बंद. गल्लीत मी सांगितलं, आक्काला दमा आहे. कमळचं निपाणीला ठरत आलं होतं. क्षयाचं नाव निघालं असतं तर ती माणसं उंबऱ्यावरूनच परत गेली असती. आमच्याकडं त्या काळी तसंच होतं, आजही फार निराळं आहे असं नाही.

आता तुम्ही म्हणाल, लेकीच्या लग्नासाठी केलं. बापाचं काळीज. थांबा. ही पळवाट मी स्वतःसाठी पुष्कळ वर्षं उघडी ठेवली होती. तुमच्यासाठी ती बंद करणार आहे.

त्याच सुमारास डॉक्टरांनी मला तक्त्याचं काम दिलं. ते धारवाडकडचे, बोलणं थोडं, पण माणूस अस्सल. त्यांचा एकच हेका होता — औषध थोडं, झाडं जास्त. आजाऱ्याला सकाळी डोळे उघडल्यावर भिंत दिसता कामा नये, हिरवं काही तरी दिसलं पाहिजे. त्यासाठी त्यांनी खाटा व्हरांड्यात काढल्या होत्या. पण दवाखान्याच्या आवारात सगळ्या चिंचा! जुन्या, दाट, काळ्या सावलीच्या. आणि आमच्या भागात चिंचेखाली निजायला कोण येतो? लोक दारातून आत बघायचे आणि गाडी वळवायचे. डॉक्टरांना हे कळेना. त्यांना झाड म्हणजे झाड.

मी पहिल्यांदा चिंचच काढली होती. आवारात जे आहे ते काढायचं, असं माझं शिक्षण. तो कागद मी आक्काला दाखवला. तिनं दिव्याजवळ धरून बघितला आणि हसायलाच लागली, खोकला येईपर्यंत. "चिंचंखाली कोण निजंल रं? भुतं? लिंब काढ की. लिंबाखाली बाळंतीणबी निजती."

आवारात कडुनिंब एकच होता, दक्षिणेच्या कोपऱ्यात. मी तोच चित्राच्या मधोमध आणून उभा केला. म्हणजे तक्ता चालला तो तिच्या डोक्यानं. हे मी कुणाला सांगितलं का? नाही.

आणि बाई कोण? बाई तीच. डावीकडची खोली मी कुठं शोधायला गेलोच नाही — बाळंतिणीच्या खोलीच्या दारात स्टूल टाकून बसलो आणि समोर जे होतं ते काढलं. बंद झडप, राख घातलेलं थुंकीचं भांडं, घोंगडी. मग उजव्या चित्रासाठी तिला उठवून बसवलं. तिनं केस विंचरले. इतक्या दिवसांत पहिल्यांदा. म्हणाली, "मला झाडाखाली बसवतोस व्हय? बसव की." मी म्हणालो, मान वर कर. "वर काय बघू?" पानं हायत समज, म्हणालो. वर काजळी धरलेल्या तुळया होत्या. ती त्यांच्याकडं बघत राहिली — आणि सांगतो तुम्हाला, तिच्या तोंडावर ते आलं. ते ऊन. मी रंगवलेलं नाही, ते आधी तिच्या तोंडावर आलं, मी फक्त उतरवलं. एवढं चांगलं काम माझ्या हातून त्याआधी झालं नाही, त्यानंतरही नाही.

चित्र आनंदाचं दिसावं म्हणून मी कागदावर तिला पिवळं लुगडं नेसवलं, कपाळाला कुंकू लावलं. तिनं त्या कुंकवाजवळ कागदावर नुसतं बोट फिरवलं.

डॉक्टरांनी कागद हातात घेतला आणि पुष्कळ वेळ खाली ठेवला नाही. ही बाई तुम्ही कुठं बघितलीत, मास्तर, असं विचारलं. मी गडबडलो. म्हणालो, गावाकडची नातलग आहे लांबची, खोकते. ते लगेच म्हणाले, "मग घेऊन या. कडुनिंबाजवळच्या कोपऱ्यात एक खाट आहे. मी ती तुमच्यासाठी ठेवतो." जी खाट मागायला मला तोंड उघडावं लागलं असतं, ती न मागता मिळत होती! मी मान हलवली. घरी आलो. आक्का अंथरुणात उठून बसली होती, काय म्हणाले म्हणून. मी सांगितलं, चित्र आवडलं. मग तिनं विचारलं — सहज विचारावं तसं, माझ्याकडं न बघता — तिथं जागा असती का रं?

"न्हाय, आक्का. खाट न्हाय. लई गर्दी हाय."

ही पहिली खेप. ती तुम्ही लग्नाच्या खात्यावर टाकाल, माहीत आहे. टाका.

वैशाखात कमळचं लग्न झालं. निपाणीला गेली. माणसं चांगली निघाली, आज तिला दोन मुलं आहेत. तिच्यावर यातलं काही टाकू नका. तिला आत्याचा दमाच ठाऊक आहे. लग्न झालं, मांडव उतरला, घरात आम्ही दोघंच उरलो. आता सांगा, आता काय अडचण होती? आता कोण उंबऱ्यावरून परत जाणार होतं? तांगा बोलवायचा, आक्काला बसवायचं, अर्ध्या तासात माळावर. तसे सहा महिने मला मिळाले. सहा महिन्यांत मी तो तांगा बोलावला नाही.

कारण सांगतो. तोपर्यंत मी तक्त्याचा मास्तर झालो होतो. रविवारी मी तक्ता घेऊन गावोगाव जायचो — मच्छे, येळ्ळूर, खानापूर — पारावर उभा राहून बोलायचो. आपलं माणूस कोंडू नका, म्हणायचो. लाज कसली धरता, म्हणायचो. बायका पदरानं डोळे पुसायच्या, पाटील उठून हात धरायचे. मला ते आवडायला लागलं होतं. खूप आवडायला लागलं होतं. आणि त्या मास्तराच्या घरात दिवाळीपासून एक बाई कोंडलेली आहे हे उघड झालं असतं तर? माझं हसं झालं असतं. एवढंच. याच्या तळाशी आणखी काही मोठं कारण सापडेल म्हणून मीही पुष्कळ खणलं. काही नाही. माझं हसं झालं असतं, म्हणून मी माझ्या बहिणीला अंधारात ठेवलं.

राग आला? येऊ द्या. अजून संपलेलं नाही.

तक्त्याचं एक वेगळंच झालं होतं. कडुनिंब, पिवळं लुगडं, कुंकू, वर लागलेली नजर — लोकांनी ती यल्लम्मा देवी ठरवली. वाचता येणारा गावात एखादाच. बाकीच्यांनी तक्त्याला हळद-कुंकू लावलं, समोर लिंबाचा डहाळा ठेवला. डॉक्टर वैतागले. मी लोकांना अडवलं नाही. माणसं येताहेत ना, मग झालं. आषाढात येळ्ळूरची एक म्हातारी माझं घर विचारत आली. तिचा मुलगा माळावर होता, अंगावर मांस धरू लागला होता. ओंजळीत खण-नारळ. म्हणाली, "चित्रातल्या बाईची वटी भराची हाय. कुठं असती ती?" मी म्हणालो, मावशी, ते चित्र आहे, अशी बाई नसते. आणि तेवढ्यात आतून आक्काला उबळ आली. लांब, ओली, न थांबणारी. म्हातारीनं कान टवकारले. मुलाचा खोकला ऐकून ऐकून तिला तो ओळखता येत होता.

"आत कोण हाय?"

"कोण न्हाय, मावशी. मांजर हाय."

म्हातारीनं माझ्याकडं एकदा बघितलं. खण-नारळ जोत्यावर ठेवला आणि गेली.

त्या दिवसापासून आक्का खोकायची थांबली. म्हणजे खोकायची, पण पदराचा बोळा तोंडात कोंबून. मी पाणी द्यायला गेलो की तिचे डोळे तांबडे झालेले असायचे, गळ्याच्या शिरा टरारलेल्या. खोक, आक्का, मोठ्यानं खोक — असं म्हणणारा माणूस मी असतो तर गोष्टच वेगळी झाली असती. मी तिचं जेवण केलं, तिची भांडी राखेनं घासली, तिचे कपडे उकळले. गल्लीतल्या बायका म्हणायच्या, भाऊ असावा तर असा. ती सेवा माझ्या बाजूनं कुणी धरू नये. पहारेकरीसुद्धा कैद्याला जेवण देतो.

आता ते, आजवर न सांगितलेलं. गणपती उठले, त्यानंतरच्या आठवड्यात डॉक्टर स्वतः तांग्यातून आले. तक्ते पुन्हा छापायचे होते, रंग थोडे बदलायचे होते. माझ्या बाहेरच्या सोप्यात बसले. मी चहा केला. ज्या माणसाला खोकला ऐकूनच दुखणं कुठवर गेलंय ते कळायचं, तो माझ्या घरात तासभर बसला, आणि मधल्या भिंतीपलीकडून त्याला एक आवाज ऐकू आला नाही. एक नाही. विचार करा, त्या तासात तिनं काय केलं असेल. मी तेव्हा समजलो की ती झोपलीय. खरं सांगायचं तर तसं समजणं मला सोयीचं होतं.

उठताना त्यांना आठवलं. "मास्तर, तुमची ती नातलग. तुम्ही काही कळवलंच नाही. खाट मध्ये दुसऱ्याला दिली होती, तो परवा घरी गेला. आता ती पुन्हा मोकळी आहे. बाई कुठं आहे सांगा, मी गाडी पाठवतो."

गाडी पाठवतो. तांगाही बोलवायला नको होता. पत्ता सांगायचा होता — आणि पत्ता म्हणजे काय, हात करून मागचं दार दाखवायचं होतं. चार पावलं. माझं हसं झालं असतं, पण या एका माणसापुढं. आणि तो हसणाऱ्यांतला नव्हता. हे मला तेव्हाही कळत होतं. कळत नव्हतं असं म्हणायची सोय नाही.

मी म्हणालो, "त्या गेल्या, डॉक्टर. मागच्याच आठवड्यात."

त्यांनी डोक्यावरची टोपी काढली. आपण उशीर केला, असं म्हणाले — आपण! — आणि गेले. मी तांगा गल्लीबाहेर जाईपर्यंत दारात थांबलो. मग कपबश्या विसळल्या.

हे ते. माझ्या बहिणीला मी जिवंतपणी मारलं, चहा पिऊन झाल्यावर, अगदी सभ्य भाषेत. आणि दुसऱ्या रविवारी खानापूरच्या बाजारात तक्ता लावून भाषण केलं. भाषण चांगलं झालं.

कमिटीला मी काय सांगू? तक्ता काढून टाका? मुळीच नाही. त्यातला शब्द न् शब्द खरा आहे. ज्यानं काढला तो खोटा होता म्हणून झाडाची सावली कमी होत नाही. लावा तो काचेत, चांगल्या उजेडात लावा. शाल मात्र मी घेणार नाही. त्यावर कुणी विनय म्हणालं तर त्याला हे सगळं सांगा.

कार्तिकात आक्काला उठवेनासं झालं. एका सकाळी मी तिच्याजवळ बसलो आणि म्हणालो — म्हणजे मला वाटलं, आता तरी — "आक्का, खाट मिळाली बघ. लिंबाजवळची. गाडी बोलावतो." आवाज मी आनंदाचा काढला होता. मला तेही येतं.

तिनं तोंडातला पदर काढला. कितीतरी दिवसांनी ती माझ्याकडं सरळ बघत होती.

"मी तर भादव्यातच मेले न्हवं, दत्तू? तूच सांगितलंस की डाक्टरला. मेलेल्या बाईला खाट कशाला रं?"

रागानं नाही म्हणाली. हळूही नाही. बाजारातून काय आणायचं ते सांगावं तसं म्हणाली, आणि भिंतीकडं वळली. पुढचे दोन दिवस मी विचारलं तेवढ्याला तिनं उत्तर दिलं — पाणी हवं, नको. दिवा ठेव, काढ. त्यापलीकडं एक शब्द नाही. मला माफ केलं नाही तिनं. मी मागितलीही नव्हती.

तिसऱ्या दिवशी सकाळी ती गेली. गल्लीत मी दम्यानं गेली असं सांगितलं, कमळला तसंच पत्र घातलं. डॉक्टरांना काही कळवावं लागलं नाही. त्यांना मी आधीच सांगून ठेवलं होतं.